रेप्टाइल टँकसाठी टेंपरेचर गन: निवडायची कशी, तपासायची कशी, आणि कोकणच्या हवेत वापरायची कशी

बॉल पायथन (साप), इग्वाना, बियर्डेड ड्रॅगन (दोन्ही सरडे) किंवा रेड-इअर्ड स्लायडर (पाण्यातलं कासव) पाळणाऱ्यांकडून एक तक्रार सारखी येते: "गन बरोबर आकडा दाखवते, तरी प्राणी खात नाही." गन हातात घेऊन पाहिलं की बहुतेक वेळा तीनपैकी एक गोष्ट निघते. ती कपाळाचा ताप मोजायची असते, नाहीतर माणूस काचेबाहेरून मोजत असतो, नाहीतर गन ज्याचं तापमान सांगते आहे ती जागा प्राणी वापरतच नाही. तिन्ही चुका टाळता येतात. त्यासाठी खरेदीच्या आधी थोडा विचार हवा, आणि खरेदीनंतर पहिल्याच दिवशी थोडी पडताळणी हवी.

पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. गन आधी घेऊन मग विचार करणाऱ्यांचे पैसे दोनदा जातात.

एक गोष्ट आधीच सांगतो. हा लेख कायदेशीररीत्या पाळलेल्या परदेशी प्राण्यांसाठी आहे. अजगर, धामण, घोरपड, तारांकित कासव असे आपल्याकडचे वन्य सरपटणारे प्राणी घरात ठेवणं वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. सापडलेला प्राणी वन विभागाच्या ताब्यात द्यायचा असतो. परदेशी प्राण्यांपैकी जे साइट्सच्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या) परिशिष्टांत येतात, उदाहरणार्थ बॉल पायथन आणि ग्रीन इग्वाना, त्यांची नोंदणी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते.

## टप्पा १: काय मोजायचं आहे ते कागदावर लिहा

टेंपरेचर गन, म्हणजेच इन्फ्रारेड गन, फक्त पृष्ठभागाचं तापमान सांगते. हवेचं नाही, पाण्याच्या आतलं नाही, प्राण्याच्या पोटातलं तर नाहीच. प्रत्येक वस्तूतून उष्णतेचे न दिसणारे किरण बाहेर पडत असतात. समोरच्या वस्तूच्या वरच्या थरातून आलेले असे किरण गन गोळा करते आणि त्यावरून आकडा काढते. लाल लेझरचा मोजण्याशी काही संबंध नाही, तो फक्त नेम धरायला असतो.

म्हणून टँकची एक साधी आकृती काढा आणि प्राणी जिथे प्रत्यक्ष बसतो, झोपतो, लपतो त्या जागांवर खुणा करा. साधारण अशी यादी होते:

- बास्किंगची (दिव्याखाली शेकत बसायची) जागा: दगड, फळी किंवा फांदी
- गरम बाजूच्या लपणाची आतली जमीन
- हीट मॅट (टँकखाली ठेवायची तापणारी चटई) असेल तर तिच्या बरोबर वरचा तळ
- थंड बाजूची जमीन आणि तिथलं लपण
- दिव्याच्या सर्वांत जवळ प्राणी चढू शकेल अशी जागा. ही जवळजवळ सगळे विसरतात

ही सगळी कामं गनची. हवेचं तापमान, आर्द्रता आणि पाणी यांसाठी वेगळी साधनं लागतात: वायरच्या टोकाला प्रोब (तापमान मोजणारं टोक) असलेला डिजिटल थर्मामीटर आणि आर्द्रता मोजणारा हायग्रोमीटर. दोन्ही स्वस्तात मिळतात. बजेट तोकडं असेल तर महागडी गन घेऊन प्रोब टाळण्यापेक्षा साधी गन आणि दोन प्रोब घेतलेले केव्हाही बरे.

स्लायडर पाळणाऱ्यांनी हे नीट लक्षात घ्यावं. पाण्यावर गन धरली की तिला पाण्याची फक्त वरची पातळ साय दिसते. हीटर एका कोपऱ्यात असेल आणि पाणी हलत नसेल, तर तळाचं तापमान वेगळंच असतं. फळी गनने मोजा, पाणी बुडवायच्या थर्मामीटरने.

वेळास, आंजर्ले, गुहागर भागात ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवांच्या घरट्यांसाठी काम करणारेही गनबद्दल विचारतात. तिथे ती उपयोगाची नाही. अंडी वाळूखाली साधारण दीड फुटावर असतात आणि पिल्लं नर होणार की मादी हे त्या खोलीवरच्या तापमानावर ठरतं. दुपारच्या तापलेल्या वाळूचा वरचा आकडा त्याबद्दल काहीच सांगत नाही. तिथे पुरलेला प्रोबच लागतो.

तपासा: यादीतल्या प्रत्येक जागेपुढे "पृष्ठभाग", "हवा" किंवा "पाणी" लिहून झालं का? "पृष्ठभाग" असेल तिथेच गन लागू पडते.

## टप्पा २: खोक्यावरचे आकडे वाचा

दुकानदार पहिली बढाई मारतो ती कमाल तापमानाची: "साहेब, ही ५५० पर्यंत जाते." आपल्याला २० ते ५० अंशांपलीकडे फारसं काही मोजायचं नाही. त्या मोठ्या आकड्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका. पाहायच्या गोष्टी वेगळ्या आहेत.

अंतर आणि ठिपका यांचं गुणोत्तर. खोक्यावर हे "डी:एस" म्हणून ८:१, १२:१ असं छापलेलं असतं. खरेदीचा निर्णय मुख्यतः यावर घ्या. १२:१ म्हणजे १२ सेंटीमीटरवरून गन १ सेंटीमीटर व्यासाचा गोल पाहते. अंतर वाढलं की गोलही वाढतो. ३० सेंटीमीटरवरून १२:१ची गन अडीच सेंटीमीटरचा गोल पाहते, ८:१ची जवळजवळ पावणेचार सेंटीमीटरचा. ६० सेंटीमीटरवरून हेच आकडे ५ आणि साडेसात होतात. लेझरचा ठिपका बारीक दिसतो म्हणून मोजमापही तेवढ्याच बारीक जागेचं होतं असं समजू नका. त्या सगळ्या गोलाची सरासरी पडद्यावर येते.

यात आणखी एक मेख आहे. त्या गोलाच्या बाहेरूनही थोडी उष्णता भिंगात शिरते, म्हणून जी वस्तू मोजायची ती गोलाच्या दीडपट-दुप्पट रुंद हवी. चार सेंटीमीटर जाडीची फांदी ८:१ गनने फूटभरावरून मोजली, तर फांदीसोबत मागची भिंतही मोजली जाते. इग्वानासारख्या फांदीवर बसणाऱ्या प्राण्यासाठी १२:१च घ्या. सपाट तळावर राहणाऱ्या पायथनसाठी ८:१ चालते, कारण गन जवळ नेता येते. मात्र अगदी चिकटवूनही उपयोग नाही. बहुतेक गनांचा गोल एका मर्यादेखाली लहान होत नाही. ती मर्यादा माहितीपत्रकातल्या छोट्या आकृतीत दिलेली असते.

इमिसिव्हिटी. वस्तू आपली उष्णता किती प्रमाणात स्वतःहून बाहेर टाकते, त्याचा हा आकडा. लाकूड, माती, जांभा, फरशी, काथ्या, पाणी, प्राण्याची कातडी हे सगळं ०.९ ते ०.९८च्या आसपास बसतं. स्वस्त गनमध्ये तो ०.९५ वर कायम केलेला असतो आणि आपल्या कामाला तेवढा पुरतो. बदलता येत असेल तर उत्तम, पण त्याच सोयीतून एक नवी चूक जन्माला येते: घरातलं कोणीतरी बटणं दाबतं, आकडा ०.६ वर जातो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. अशी गन घेतलीत तर रोज मोजण्याआधी पडद्यावरचा तो आकडा वाचायची सवय लावा.

अचूकता. बहुतेक साध्या गनांवर "±२ अंश किंवा ±२ टक्के, जे जास्त असेल ते" असं लिहिलेलं असतं. आपल्या पट्ट्यात याचा अर्थ दोन अंश वर किंवा खाली. ±१.५ची मिळाली तर ती घ्या. पडद्यावर दशांश दिसतो म्हणून गन दशांशापर्यंत खरी आहे असं नाही. ३२.४ दिसलं की ते ३० ते ३४ मधलं काहीतरी आहे, एवढंच गन सांगते. तिसऱ्या टप्प्यातली पडताळणी केली की ही शंका बरीच कमी होते.

लेझर बंद करायची सोय. असलीच पाहिजे. बियर्डेड ड्रॅगन मान वर करून ठिपक्याकडे पाहतो, त्यावर झेपावतोही. त्याच्या डोळ्यांत तो प्रकाश जाता कामा नये.

सेल. काही गनांना ९ व्होल्टचा चौकोनी सेल लागतो, काहींना दोन बारीक पेन्सिल सेल. खेड्यात राहत असाल तर पेन्सिल सेलवाली घ्या. पावसात वाडीवरच्या दुकानात चौकोनी सेल मिळेलच असं नाही.

> सावधान: कपाळाचा थर्मामीटर चालणार नाही. कोविडनंतर ही यंत्रं घरोघरी पडून आहेत आणि मोह होतो. पण ताप मोजायच्या मोडमध्ये ते साधारण ३२ ते ४३ अंशांतच आकडा दाखवतं. शिवाय कातडीच्या तापमानावरून शरीराच्या आतलं तापमान किती असेल याचा हिशेब करून वाढवलेला आकडा देतं. २९ अंशांच्या दगडावर ते "लो" दाखवेल, आणि ३३च्या दगडावर ३६ दाखवून तुम्हाला दिवा बंद करायला लावेल. काहींना "सर्फेस" मोड असतो, पण त्यांचं भिंग पाच-दहा सेंटीमीटरवरून मोजायला केलेलं असतं आणि गोल मोठा असतो.

किमतीचं म्हणाल तर हजार ते अडीच-तीन हजारांत आपल्या कामाची गन येते. रत्नागिरी, चिपळूण, कुडाळकडे पाळीव प्राण्यांच्या दुकानात शोधण्यापेक्षा एसी-फ्रिज दुरुस्तीचं सामान विकणाऱ्याकडे विचारा. त्याच्याकडे ती असते, आणि डी:एस म्हणजे काय हेही त्याला ठाऊक असतं. मुंबईला जाणं होत असेल तर लॅमिंग्टन रोडवर हातात घेऊन निवडता येते. ऑनलाइन मागवलीत तर परत करायची मुदत आधी पाहा आणि पुढचा टप्पा त्या मुदतीत उरका.

## टप्पा ३: गन खरी की खोटी, हे पहिल्याच दिवशी ठरवा

हा टप्पा वगळू नका. दोन चाचण्या आहेत आणि दोन्ही स्वयंपाकघरात होतात. चाचणीआधी गन त्याच खोलीत अर्धा तास ठेवून द्या, कारण तिच्या आतल्या सेन्सरला खोलीचं तापमान घ्यायला तेवढा वेळ लागतो.

१. बर्फाची चाचणी. पसरट वाडग्यात बारीक फोडलेला बर्फ काठोकाठ भरा, फटी भरतील इतकंच गार पाणी घाला आणि मिनिट-दोन मिनिटं ढवळा. मग वरून सरळ, साधारण वीतभर अंतरावरून मोजा. कडा गोलात येऊ देऊ नका. आकडा शून्याच्या आजूबाजूला यायला हवा. एक-दीड अंशाचा फरक चालतो. बर्फ घरच्या फ्रिजमधला, पिण्याच्या पाण्याचा हवा. मासळीबाजारातून आणलेल्या बर्फाला मीठ लागलेलं असतं आणि मिठाचा बर्फ शून्याच्या खाली जातो, म्हणजे चाचणीच खोटी. गन वाडग्यावर जास्त वेळ धरूनही ठेवू नका, आपल्या दमट हवेत भिंग लगेच धुरकटतं.

२. कोमट पाण्याची चाचणी. माझ्या मते बर्फापेक्षा ही जास्त महत्त्वाची, कारण आपलं काम याच तापमानाच्या आसपास चालतं. प्लास्टिकच्या टबात हाताला कोमट लागेल असं, ३८-३९ अंशांचं पाणी घ्या. घरातला ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर ३५ ते ४२ अंशांत चांगलाच काटेकोर असतो, तोच इथे मापदंड. त्याचं फक्त टोक पाण्यात धरा, दुसऱ्या हाताने पाणी ढवळत राहा आणि तो वाजला की त्याच क्षणी गनने पाण्याच्या पृष्ठभागावर मोजा. ढवळलं नाही तर वरचं पाणी वाफ होऊन थोडं गार होतं आणि गन उगाच बदनाम होते. वाफा निघणारं कडकडीत पाणी वापरू नका, कारण गन वाफेलाच मोजते. स्टीलचं पातेलं बाहेरून मोजणं तर अजिबात नको. चकचकीत स्टील स्वतःचं तापमान सांगत नाही, समोरच्या भिंतीचं आणि तुमचं प्रतिबिंब दाखवतं.

तीनदा करा. तिन्ही वेळा गन एकाच बाजूला एक-दीड अंश चुकत असेल तर ती चालेल. मागच्या बाजूला चिकटपट्टीवर "१ अंश जास्त दाखवते" असं लिहून ठेवा. कधी वर, कधी खाली असं करत असेल तर परत पाठवा. ठरावीक चूक वजा करता येते, लहरी चुकीचं काहीच करता येत नाही.

तपासा: पडद्यावर सेल्सिअस आहे की फॅरनहाइट? परदेशी केअर शीटमधले (प्राण्याची निगा कशी राखायची ते सांगणाऱ्या पत्रकातले) आकडे बहुतेक वेळा फॅरनहाइटमध्ये असतात. ९० फॅरनहाइट म्हणजे साधारण ३२ अंश, १०० म्हणजे ३८, ११० म्हणजे ४३.

## टप्पा ४: टँक मोजण्याजोगा करा

दिवा आणि हीट मॅट किमान दीड-दोन तास चालू असू द्या. जांभ्याचा किंवा कडप्प्याचा जाड तुकडा पूर्ण तापायला वेळ घेतो. अर्ध्या तासात मोजून "कमी आहे" म्हणत मोठा दिवा लावला, तर दुपारी तोच दगड चटका देतो.

फवारणी केली असेल तर थांबा. ओल्या पृष्ठभागावरचं पाणी उडताना तो गार होतो आणि आकडा दोन-चार अंशांनी खाली येतो. मोजणं आधी, फवारणी नंतर.

चकचकीत वस्तू शोधा: मागे लावलेला अॅल्युमिनियमचा कागद, स्टीलचं पाण्याचं भांडं, दिव्याचं रिफ्लेक्टर. यांच्यावरचा आकडा खोटा असतो. मोजायचंच असेल तर त्यावर मास्किंग टेप किंवा काळी इन्सुलेशन टेप चिकटवा, पाच मिनिटं थांबा आणि टेपवर मोजा. टेपचा तुकडा गनच्या गोलापेक्षा मोठा हवा.

प्राण्याला बास्किंगच्या जागेवरून बाजूला होऊ द्या. तो आत्ताच उठला असेल तर दहा मिनिटं जाऊ द्या, कारण त्याच्या सावलीखालचा दगड गार असतो.

## टप्पा ५: मोजण्याचा क्रम

१. खोली. आधी टँकशेजारची भिंत आणि वरचं छप्पर मोजा. कोकणात निम्मं उत्तर इथेच मिळतं. कौलाखालची, स्लॅबखालची आणि पत्र्याखालची खोली मे महिन्याच्या दुपारी तीन वाजता तीन वेगळ्या गोष्टी सांगतात. पत्र्याबाबत एक फसगत आहे. नवा, चकचकीत पत्रा हात लावता येणार नाही इतका तापलेला असतो, तरी गन त्याला खोलीइतकाच थंड दाखवते. रंगवलेला किंवा गंजलेला पत्रा बऱ्यापैकी खरं सांगतो. नव्या पत्र्याला आतून टेपचा तुकडा चिकटवा आणि दोन्ही ठिकाणी मोजून बघा. चकचकीत पृष्ठभागाबद्दल वर जे लिहिलं ते एका मिनिटात पटेल.

२. झाकण किंवा दार उघडा. काचेतून मोजू नका. काच आपल्याला पारदर्शक असली तरी गन ज्या किरणांवर चालते ते काचेतून जात नाहीत, अॅक्रिलिकमधूनही जात नाहीत. बाहेरून नेम धरला की आकडा काचेचा येतो. स्लायडरच्या टाकीत फळी ३४ला तापलेली असताना बाहेरून २९ दिसतं, माणूस दिवा आणखी खाली घेतो आणि कासव फळीवर यायचंच बंद होतं. वरच्या जाळीतूनही मोजू नका. दिव्याखालची जाळी स्वतः तापलेली असते आणि आकडा उलट जास्त येतो.

३. गरम जागा सर्वांत आधी. दिवा जाळीवर ठेवलेला असेल तर जाळी उचलताच दगडावरची उष्णता कमी व्हायला लागते. म्हणून उघडल्यावर पहिल्या काही सेकंदांत बास्किंगची जागा मोजून घ्या. शक्य तितकं सरळ वरून, निदान फार तिरकं नको. तिरक्या नेमाने गोलाचा लांबोडका अंडाकार होतो आणि शेजारची जागाही मोजली जाते. तीनदा ट्रिगर दाबा आणि मधला आकडा लिहा.

४. पाठीच्या उंचीवर मोजा. हे फार कमी लोक करतात आणि भाजण्याच्या बऱ्याच जखमा यातूनच होतात. दगडावर ३७ अंश असतील, पण इग्वाना त्यावर बसला की त्याची पाठ दिव्याच्या आणखी जवळ जाते. प्राण्याच्या उंचीएवढा लाकडाचा ठोकळा त्या जागी ठेवा, अर्धा तास तापू द्या आणि ठोकळ्याची वरची बाजू मोजा. प्राणी मोठा होतो तसा ठोकळाही बदला.

५. हीट मॅटवरचा तळ. वरचा काथ्या किंवा नारळाच्या सोडणाचा चुरा हाताने बाजूला सारा आणि उघड्या तळावर मोजा. कोरडा काथ्या उष्णता अडवतो. वरून ३० दाखवणाऱ्या थराखाली काच ४२ असू शकते, आणि पायथन नेमका खाली शिरून त्या काचेवर पोट टेकून बसतो. इथे काचेवर मोजणं बरोबर आहे, कारण इथे आपल्याला काचेचंच तापमान हवं आहे.

६. मग मधला भाग, थंड बाजू, दोन्ही लपणं आतून. लपण उचला आणि खालची जमीन लगेच मोजा.

७. शेवटी प्रोबवरचे हवेचे आकडे आणि आर्द्रता त्याच कागदावर, वेळेसह.

> दिवा-बंद चाचणी: गुळगुळीत कडप्पा किंवा ग्लेझ्ड फरशीवरचा आकडा संशयास्पद वाटला तर दिवा बंद करा आणि लगेच पुन्हा मोजा. दगड एका क्षणात गार होत नाही. आकडा झटकन चार-पाच अंशांनी पडला तर आधी गन तापलेल्या दिव्याचं प्रतिबिंब मोजत होती. नेमाची बाजू बदला किंवा त्या जागी टेप लावा.

## टप्पा ६: आकडे ताडून पाहा

निरोगी, वाढलेल्या प्राण्यांसाठी दिवसाचे साधारण पट्टे असे:

- बॉल पायथन: गरम पृष्ठभाग ३१ ते ३३, थंड बाजू २५ ते २७
- कॉर्न स्नेक: गरम पृष्ठभाग २९ ते ३२, थंड बाजू २३ ते २६
- बियर्डेड ड्रॅगन: बास्किंग ३८ ते ४२, थंड बाजू २५ ते २९
- ग्रीन इग्वाना: बास्किंग ३५ ते ३८, थंड बाजू २६ ते २९
- रेड-इअर्ड स्लायडर: फळी ३२ ते ३५, पाणी २४ ते २७

पिल्लं आणि आजारी प्राणी यांच्यासाठी सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याला विचारा.

बदल एका वेळी एकच करा. एकतर दिव्याची उंची, नाहीतर वॅट. मग दोन तास थांबून पुन्हा पाचवा टप्पा. आकडा जास्त आला म्हणून दिवा आणि जाळीमध्ये कापड घालणारे लोक मी पाहिले आहेत. त्याने आग लागते. दिवा वर उचला किंवा कमी वॅटचा लावा.

हीट मॅट थर्मोस्टॅटशिवाय चालवू नका. गन फक्त मोजते, तापमान आवरत नाही. रात्री दोनला मॅट ४५ला गेली तर गन कपाटात असते. गनचा खरा उपयोग थर्मोस्टॅटचा प्रोब योग्य जागी आहे का हे पाहण्यासाठी आहे: थर्मोस्टॅट ३२ला लावलेला असताना उघडा तळ ३६ येत असेल, तर प्रोब सरकला आहे.

## टप्पा ७: ऋतूप्रमाणे वेळ बदला

परदेशी केअर शीट थंड देशातल्या घरासाठी लिहिलेलं असतं. तिथे प्रश्न ऊब कशी द्यायची हा असतो. किनाऱ्यावर वर्षातला बराच काळ प्रश्न उलटा असतो: थंड बाजू थंड कशी ठेवायची?

मार्च ते मे. दुपारी अडीच ते चारच्या मध्ये मोजा आणि थंड बाजूपासून तपासा. खोलीच ३३ला असेल तर पायथनची थंड बाजू २६ होणार कुठून? अशा दिवसांत गरम करायचं साधन बंद ठेवून मोजून बघा, खूपदा दिव्याची गरजच उरत नाही. ड्रॅगन, इग्वाना, स्लायडरचा यूव्हीबी (अतिनील किरणांचा) दिवा मात्र चालू राहिला पाहिजे. टँक पश्चिमेच्या भिंतीपासून हलवा, जमिनीजवळ घ्या. काचेचा टँक उन्हाच्या खिडकीत कधीच ठेवू नका. आतली उष्णता बाहेर पडत नाही आणि प्राणी अर्ध्या तासात दगावू शकतो.

जून ते सप्टेंबर. ओला काथ्या कायम गार आकडा देतो आणि तो आकडा खरा असतो. तो पाहून दिव्याचा वॅट वाढवू नका, काथ्या बदला किंवा वाळवा. वीज जाणं रोजचं होतं, म्हणून पुरवठा गेल्यावर दर अर्ध्या तासाने बास्किंगचा दगड आणि लपण मोजून एकदा नोंद करून ठेवा. आपला टँक किती वेळ ऊब धरतो ते कळलं, की इन्व्हर्टरवर काय जोडायचं हे अंदाजाने ठरवावं लागत नाही.

डिसेंबर-जानेवारी. किनाऱ्यावर फार चिंता नाही, पण दापोलीसारख्या उंचावरच्या गावांत पहाटे चांगलीच थंडी पडते. इथे मोजायची वेळ पहाटे पाच-साडेपाच. रात्री दहाला मोजून निजणाऱ्याला सर्वांत थंड तास कधी दिसतच नाही.

## टप्पा ८: खाऱ्या हवेत गनची निगा

एसीच्या खोलीतून किंवा गाडीतून गन बाहेर आणली की भिंगावर चष्म्यावर धरतं तसं धुकं धरतं, आणि कधीकधी ते इतकं पातळ असतं की डोळ्यांना दिसत नाही. वीस-तीस मिनिटं थांबून मगच मोजा. पुसायची घाई करू नका, आपोआप उडू द्या.

भिंग नळीच्या आत खोल असतं आणि त्यावर धूळ व मिठाचा थर बसतो. महिन्यातून एकदा कापसाच्या काडीवर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन हलकेच फिरवा. शर्टाच्या टोकाने पुसू नका, तोंडाने फुंकर मारू नका. ठेवताना सिलिका जेलची पुडी घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. पावसाळ्यात आठवडाभर वापर नसेल तर सेल काढून ठेवा, नाहीतर स्प्रिंगवर हिरवट बुरशीसारखा गंज चढतो आणि गन चालू-बंद व्हायला लागते. पडद्यावर कमी बॅटरीची खूण दिसली की त्या दिवशीचे आकडे धरू नका. सेल बदलून पुन्हा मोजा.

कोमट पाण्याची चाचणी दर तीन महिन्यांनी, आणि गन हातातून पडली तर त्याच दिवशी करा. चिकटपट्टीवर लिहिलेला फरक तोच राहिला तर गन ठीक आहे. फरक वाढत चालला आणि भिंग साफ करून, सेल बदलूनही तसाच राहिला, तर ती टँकच्या कामातून काढा आणि नव्या गनची सुरुवात टप्पा २ पासून करा.